अंडं कच्चं की उकडलेलं?

शिजवल्याने अंड्यातली प्रथिनं ‘मरतात’, हा व्यायामशाळेतला आवडता समज. प्रत्यक्षात मरत काहीच नाही.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी, ठरावीक घड्या घालून गुंडाळलेली. उष्णतेने घड्या सुटतात, साखळी तुटत नाही. सुटलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात, त्या जाळ्यात पाणी अडकतं आणि पारदर्शक द्रव पांढरा, घट्ट होतो. सगळी प्रथिनं एकदम बदलत नाहीत. ओव्होट्रान्सफेरिन साधारण ६२ अंश सेल्सिअसला, तर पांढऱ्या भागात सर्वांत जास्त असणारं ओव्हाल्ब्युमिन थेट ८० अंशांच्या आसपास. अंडं रबरासारखं झालं, तर दोष बहुधा आचेचा!

घड्या सुटल्या की पाचक विकरांना साखळी कापणं सोपं जातं. जठरातलं आम्लही घड्या सोडवण्याचं काम करतं, पण कच्च्या अंड्याच्या बाबतीत ते पुरेसं पडत नाही. बेल्जियममधल्या संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१ टक्के. सहभागी पाचच होते, तरीही फरक दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व धरून ठेवतं. नीट शिजवल्यावर ही पकड सुटते.

तेव्हा कच्ची अंडी गटागटा पिणाऱ्यांनो, ती उकडून खा. साल्मोनेला या जिवाणूची भीतीही उरणार नाही.