स्प्रेडशीटच्या कोष्टकांतून नेमका अंक कसा काढावा

परीक्षेचा निकाल हल्लीं पुष्कळ शाळांतून संगणकाच्या स्प्रेडशीटवर तयार होतो, हें आमच्या विद्यार्थिवाचकांस व त्यांच्या पालकांस विदितच आहे. हजेरी क्रमांक लिहिला कीं क्षणार्धांत गुण पुढें येतात. एक्सेलमध्यें हें काम बहुधा 'व्हीलुकअप' नांवाचें सूत्र करतें. सूत्र लहानसें आहे. परंतु त्यांतील एक शब्द गाळला तर एका मुलाचे गुण दुसऱ्याच्या नांवावर पडूं शकतात, आणि यंत्र चकार शब्द काढीत नाहीं.

साठ मुलांचा वर्ग घेऊं. 'ए' स्तंभांत हजेरी क्रमांक, 'बी'मध्यें नांव, 'सी'मध्यें तुकडी, 'डी'मध्यें शेंकडा गुण. पहिली ओळ मथळ्यांची. म्हणून माहिती दुसऱ्या ओळीपासून ६१ व्या ओळीपर्यंत. एफ२ या घरांत हवा तो क्रमांक लिहून शेजारच्या घरांत असें मांडावें :

=व्हीलुकअप(एफ२, ए२:डी६१, ४, फॉल्स)

म्हणजे एफ२ मधील क्रमांक ए२ ते डी६१ या पट्ट्याच्या अगदीं डाव्या स्तंभांत शोधावा, व तो ज्या ओळींत सांपडेल तिच्या चौथ्या स्तंभांतील अंक आणावा.

'फॉल्स' लिहिलें असतां यंत्र तंतोतंत जुळणी पाहतें व क्रमांक न मिळाल्यास 'एन/ए' अशी खूण दाखवितें. तें गाळलें, तर स्तंभ चढत्या क्रमानें लावला आहे असें यंत्र गृहीत धरतें, आणि नेमका क्रमांक नसल्यास त्याच्या अलीकडच्या लहान क्रमांकावर थांबतें. २७ क्रमांकाचा मुलगा शाळा सोडून गेला असेल, तर २७ विचारतांच २६ चे गुण हजर! यादी वर्णानुक्रमानें लावलेली असेल, तर क्रमांक यादींत असूनही भलतेंच उत्तर येण्याचा संभव आहे.

मग ही सैल जुळणी ठेवली तरी कशाला? तिचेंही योग्य स्थान आहे. दुसरें एक लहान कोष्टक करावें : ० अनुत्तीर्ण, ३५ उत्तीर्ण, ४५ द्वितीय श्रेणी, ६० प्रथम श्रेणी, ७५ विशेष प्रावीण्य. येथें ५९ गुण शोधले असतां यंत्र ४५ च्या ओळीवर थांबतें व 'द्वितीय श्रेणी' हें बरोबर उत्तर देतें. प्रत्येक गुणासाठीं निराळी ओळ लिहावी लागत नाहीं; पांच ओळींत काम भागतें.

आतां पट्ट्याविषयीं. वरील सूत्राची नक्कल एक घर खालीं उतरविली कीं एफ२ चें एफ३ होतें, तें इष्टच. पण ए२:डी६१ चेंही ए३:डी६२ होतें, आणि पहिला मुलगा पट्ट्याबाहेर पडतो. तीस घरें खालीं गेल्यावर पहिले तीस मुलगे बाहेर! म्हणून पट्टा $ए$२:$डी$६१ असा लिहावा. डॉलरची खूण ज्याच्यामागें असेल तें अक्षर वा अंक नक्कल करतांना ढळत नाहीं.

२०१९ सालीं जाहीर झालेलें 'एक्सलुकअप' हें नवें सूत्र कांहीं न सांगतां तंतोतंत जुळणीच धरतें, ही सुधारणा उत्तम होय. त्याच्या पट्ट्यांस मात्र डॉलरचा खिळा मारावा लागतोच.