मान कुठे, नजर कुठे, लक्ष कुठे

हेडसेट चढवलेला माणूस आभासी जगात चौफेर पाहतो आहे. त्याला न सांगता त्या जगाचा रंग कडांकडून काढून घेतला जातो. नजर जिथे असेल तेवढेच रंगीत, बाकी सारे करडे. नजर सरकली की रंगाचे वर्तुळही सरकते. मायकल कोहेन, थॉमस बॉच आणि कॅरोलिन रॉबर्टसन यांनी २०२० मध्ये हा प्रयोग प्रसिद्ध केला. दृश्याचा ५ टक्क्यांहूनही कमी भाग रंगीत ठेवला, तरी जवळजवळ एक तृतीयांश लोकांच्या ते ध्यानात आले नाही. भोवतालचे सगळे आपण रंगासकट पाहतो, हा आपला विश्वास किती तकलादू आहे!

याचे मूळ डोळ्याच्या रचनेत आहे. दृष्टिपटलाच्या मध्यावरच्या एका खळग्यालाच बारकावे टिपता येतात आणि त्याच्या वाट्याला दृश्याचा जेमतेम दोन अंशांचा तुकडा येतो. हात लांब केल्यावर अंगठ्याचे नख दिसते, साधारण तेवढा. म्हणून डोळा सेकंदाला तीनेक झेपा घेत राहतो.

झेप लहान असेल तर डोळ्यांनीच भागते. लांबची असेल तर मानही वळते. बहुधा डोळा आधी पोचतो, जड डोके मागून येते. डोके अजून वळतच असते, तेव्हा नजर ढळू नये म्हणून डोळा उलट दिशेने फिरतो. अंतर्कर्णातून आलेल्या संदेशावर हे सुमारे १० मिलिसेकंदांत घडते. मला शरीराच्या साऱ्या कारभारात ही गोष्ट विशेष देखणी वाटते. अर्थात, नुसती मानेची नोंद ठेवणाऱ्या हेडसेटला डोळ्याची ही हालचाल दिसतच नाही.

तरी मान अगदीच मुकी नसते. व्हिन्सेंट सिट्झमन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये १६९ जणांच्या १,९८० नोंदी तपासल्या. चहूबाजूंनी वेढणाऱ्या चित्रांतही लोक क्षितिजाच्या आसपासच जास्त रेंगाळत होते; माथ्यावर आणि पायाशी फारसे कोणी पाहत नव्हते. डोके संथ झाले की नजर बहुधा कशावर तरी स्थिरावलेली असे. त्यामुळे मानेच्या वेगावरूनही लक्षाचा अदमास बांधता येतो.

पण नजर म्हणजे तरी लक्ष का? जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकातच दाखवले होते की, डोळे एका बिंदूवर रोखून लक्ष दुसरीकडे नेता येते. पुढे रशियात संशोधक आल्फ्रेड यार्बसने चित्रकार रेपिनचे एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले. माणसांची वये विचारली की नजर चेहऱ्यांवर, घरच्या सांपत्तिक स्थितीबद्दल विचारले की कपड्यांवर आणि सामानावर. नजरेची वाट मनातल्या प्रश्नाने आखलेली होती.

हेच ज्ञान आता यंत्रांत उतरले आहे. २०२३ मध्ये आलेला प्लेस्टेशन व्हीआर २ हा हेडसेट नजरेपुरते चित्र रेखीव काढून बाकीचे ढोबळ ठेवू शकतो आणि गणनाशक्ती वाचवतो. मात्र ज्या नोंदीतून मनातला प्रश्न ओळखू येऊ शकतो, ती नोंद कोणाच्या हाती जाते, याची मला काळजी वाटते. ॲपलच्या व्हिजन प्रो या हेडसेटमध्ये नजर ॲपपर्यंत पोचत नाही, फक्त निवड पोचते. तरीही २०२४ मध्ये संशोधकांनी व्हिडिओ कॉलवरच्या आभासी चेहऱ्याचे डोळे पाहून वापरणारा नजरेने काय टाइप करतो आहे, याचा अंदाज बांधून दाखवला. ॲपलने ती फट बुजवली: नजरेने टायपिंग चालू असेल तेवढा वेळ तो चेहरा आता दाखवलाच जात नाही.