भाच्याची मोटार, भाचेसुनेचे ब्रेक

माझे शिक्षण एम. ए. मराठी, धंदा कॉलेजात व्याकरण आणि जुने काव्य शिकवण्याचा, आणि वाहन म्हणाल तर एक जुनी स्कूटर. अशा माणसाला मोटारीच्या ब्रेकबद्दल मत विचारायला कोणी येणार नाही. पण गेल्या मे महिन्यात सुट्टीसाठी जर्मनीला निघालो, तेव्हा थोरल्या बहिणीने मला विमानतळावर बजावले, "तिथे नदी बघ, किल्ले बघ, पण आधी त्या पोराच्या गाडीच्या ब्रेकचं काय ते बघ. जानेवारीपासून दोघं नवरा-बायको त्यावरून धुमसताहेत. तू मामा आहेस. निकाल लावून ये."

थोरल्या बहिणीपुढे आमच्या घरात आजवर कोणाचे काही चाललेले नाही. मी मान डोलावली.

भाचा इंजिनिअर आहे. कोब्लेन्झजवळ एका टेकडीवरच्या खेड्यात राहतो. भाचेसून खाली शहरातल्या इस्पितळात डॉक्टर आहे. घरात मोटार एकच, आणि तीही दोन माणसांची, कापडी छपराची, बुटकी जपानी स्पोर्ट्स कार. तिच्यात आपण बसत नाही, विहिरीत उतरावे तसे उतरतो. आठवड्याचे पाच दिवस ती गाडी भाचेसुनेला इस्पितळात पोचवते. आणि महिन्यातून एखाद्या रविवारी भाचा ती घेऊन तासाभराच्या अंतरावरच्या न्युर्बुर्गरिंगला जातो.

हे न्युर्बुर्गरिंग म्हणजे केवळ शर्यतीचे मैदान, अशी माझी समजूत होती. ती निम्मीच खरी निघाली. आयफेलच्या डोंगरात १९२७ साली बांधलेल्या या रिंगणाचा उत्तरेकडचा फेरा आज २०.८ किलोमीटर भरतो. १९७६ च्या ऑगस्टमध्ये निकी लाउडाची मोटार तिथे पेटली, आणि त्यानंतर फॉर्म्युला वनची शर्यत या जुन्या फेऱ्यावर पुन्हा झाली नाही. परंतु ठरावीक दिवशी, ठरावीक वेळी, तिकीट काढून कोणीही आपली घरची मोटार त्यावर नेऊ शकतो. गंमत अशी, की तेवढ्या वेळेपुरता तो कायद्याच्या दृष्टीने टोल भरून जायचा एकेरी रस्ता असतो. रहदारीचे नियम लागू. शर्यत लावायला बंदी. आणि गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी, नियमात बसणारी हवी. हा शेवटचा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

मी पोचलो त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी पुठ्ठ्याचे दोन खोके ठेवलेले होते. एकात गाडीला मूळचे असतात तसे ब्रेक पॅड, दुसऱ्यात शर्यतीचे. ते खोके तिथून हलवायला दोघांपैकी कोणीच तयार नव्हते, यावरून मी प्रकरणाची खोली ओळखली.

भाच्याची बाजू आधी सांगतो. मागच्या ऑक्टोबरात तो रिंगणावर लागोपाठ तीन फेऱ्या मारायला गेला. फेऱ्याचा पहिला निम्मा भाग बहुतेक उताराचा. त्यात 'फुक्सरोरे' म्हणजे 'कोल्ह्याची नळी' नावाची एक उतरण आहे. (जर्मनांनी वळणावळणाला नावे दिली आहेत, आपल्या घाटांतही कोणी तरी हे काम हाती घ्यावे.) तिसऱ्या फेरीत तळाच्या ब्राइडशाइड गावाकडे उतरताना त्याने पाय रोवला. पेडल नेहमीसारखे घट्ट लागले, पण गाडी ऐकेना. वळणावर ती गवतात गेली आणि लोखंडी कठड्यापासून वीतभर अंतरावर थांबली. हे त्याने आईला कळवले नव्हते. मीही तिला सांगितले नाही, आता छापूनच येते आहे.

घरी आल्यावर त्याने शर्यतीचे पॅड मागवले आणि जानेवारीत बसवून टाकले.

आता भाचेसुनेची बाजू. दोन दिवसांनी सकाळी सहाला ती निघाली. बाहेर बर्फाची खर पडलेली, अंधार. गावातून उतरणारा रस्ता जिथे संपतो तिथे शाळा आहे आणि शाळेसमोर रस्ता ओलांडायचे पांढरे पट्टे. तिने रोजच्या जागी, रोजच्या जोराने ब्रेक दाबला. गाडी पट्टे ओलांडून पलीकडे गेली आणि मग उभी राहिली. त्या वेळी तिथे कोणी नव्हते. पण आठवड्यातले तीन दिवस ती साडेसातला निघते, आणि साडेसातला तिथे मुलांची रांग असते. संध्याकाळी ती बसने परत आली आणि एक शब्द न बोलता गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. दुसऱ्या दिवशी जुने पॅड परत चढले. तेव्हापासून भाचा रिंगणाकडे फिरकला नव्हता.

पॅड तेच, तबकडी तीच. मग एकाला उतारावर जुने पॅड दगा देतात आणि दुसरीला घरापाशीच नवे, हे कसे? भाच्याने मला ते चहाच्या आधणावर समजावले. धावत्या गाडीचा जोर ब्रेक मारल्यावर नाहीसा होत नाही, त्याची उष्णता होते. गाडी आणि आत दोघे मिळून बाराशे किलो धरा. ताशी ५० किलोमीटरवरून ही गाडी थांबवली, की निघणाऱ्या उष्णतेत दोन कप चहाचे पाणी उकळेल. ताशी १८० वरून थांबवली तर साडेचार लिटर! वेग साडेतीन पटींहून थोडा अधिक, पण पाणी तेरा पट, कारण हा हिशोब वेगाच्या वर्गाने वाढतो. आणि हे सारे आधण चार-सहा सेकंदांत, तळहाताएवढ्या पट्ट्यांवर. पुढचे वळण आले, की पुन्हा.

पॅड म्हणजे धातूची पूड, तंतू, ग्रॅफाइट असे बरेच काही राळेने बांधून, दाबून, भाजून केलेली वडी. प्रत्येक वडीचा एक उष्णतेचा पल्ला असतो. रस्त्यावरच्या वडीचा पल्ला ओलांडला, की आतली राळ वायू सोडू लागते आणि तबकडी व पॅड यांच्यामध्ये त्याचा पातळ थर शिरतो. तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब नाचतो, तव्याला टेकतच नाही, ते आपण रोज पाहतो, तसेच काहीसे. पाय घट्ट, पण पकड नाही. शर्यतीचे पॅड ही उष्णता सहज सोसतात. पण त्यांतले अनेक शंभर-दीडशे अंशांपर्यंत तापल्याशिवाय नीट पकडतच नाहीत. शिवाय ते किंचाळतात आणि तबकडी खातात. रिंगणावर पहिल्या दोन-तीन वळणांत ते तापतात. घरून निघालेल्या गाडीचा पहिला ब्रेक मात्र नेहमी थंडच असतो.

यात माझ्या विषयातले काही असेल असे वाटले नव्हते, पण होते. पॅडच्या कडेवर पुष्कळदा दोन रोमन अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर साधारण तापमानातल्या घर्षणांकाचे, दुसरे तापल्यानंतरच्या. 'ई' म्हणजे ०.२५ ते ०.३५, 'एफ' म्हणजे ०.३५ ते ०.४५, 'जी' म्हणजे ०.४५ ते ०.५५. दोन्ही खोक्यांतल्या पॅडवर मी चष्मा लावून अक्षरे वाचली. मूळच्यांवर 'एफ-एफ', शर्यतीच्यांवर काहीच नाही. "म्हणजे मूळचे उत्तीर्ण, गरम असतानाही!" मी म्हणालो. भाचा हसला. ती परीक्षा साडेतीनशे अंशांच्या अलीकडेच संपते, आणि रिंगणावर तबकड्या पाचशेच्याही पुढे जातात. थोडक्यात, पेपर सोपा होता.

माझ्या मनात एक सरळ तोडगा आला होता. दोन्ही संच ठेवावेत. रविवारी शर्यतीचे, सोमवारी घरचे. पॅड बदलणे हे तासा-दोन तासांचे काम. पण दोन अडचणी निघाल्या. प्रत्येक पॅड तबकडीवर आपल्या द्रव्याचा एक अदृश्य लेप चढवतो आणि खरी पकड त्या लेपाशी असते. एका जातीच्या लेपावर दुसऱ्या जातीचा पॅड चालवला, की बरेचदा पकड बिघडते, सुकाणू थरथरते. म्हणजे तबकड्यांचेही दोन संच आले. दुसरी अडचण कायद्याची. युरोपात बदली पॅडला 'आर-९०' नावाच्या नियमाची मान्यता लागते. पॅडची पकड मूळच्या पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत-बाहेर असावी, अशी त्यातली मुख्य अट. मान्यता असेल तर वर्तुळात 'ई' आणि शेजारी देशाचा आकडा असतो, जर्मनीचा १. शर्यतीच्या पॅडवर तो शिक्का नव्हता. तेव्हा ते पॅड घेऊन रस्त्यावर जाता येत नाही, आणि रविवारचे रिंगण हा रस्ताच! जानेवारीत त्याने केले ते याही दृष्टीने चूक होते, हे त्याने मान खाली घालून कबूल केले. गाडी ट्रेलरवर घालून बंद मैदानात नेणाऱ्यांची गोष्ट निराळी; त्यांनी खुशाल शर्यतीचे घ्यावेत.

निकाल मामाने द्यायचा होता. पण खरे सांगायचे तर तो भाचेसुनेने दिला. ती म्हणाली, "मामा, हा रिंगणावर जाऊ नये असं माझं म्हणणं नाही. पॅड मात्र असे हवेत, की जानेवारीत सकाळी सहाला पहिल्या दाबाला थांबतील. त्यात बसतील तेवढ्याच याच्या फेऱ्या."

प्रश्न असा मांडल्यावर उत्तर सोपे झाले. थंडीत पकडणारे, शिक्का असलेले, पण मूळच्यांपेक्षा जास्त उष्णता सोसणारे असे मधल्या जातीचे पॅड मिळतात. ते शर्यतीच्या पॅडइतके सोसत नाहीत. म्हणून लागोपाठ तीन फेऱ्या बंद. एक फेरी, मग अर्धा तास विश्रांती.

त्याबरोबर ब्रेक ऑइलही बदलले. इकडे आपले बहुतेकांचे दुर्लक्ष असते. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटते तसे हे तेल हवेतली ओल ओढून घेते. डॉट-४ जातीचे ताजे तेल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल मुरल्यावर ती हमी १५५ वर येते. उकळले की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. मग पेडल घट्ट न लागता थेट तळाला जाते. पॅड कितीही उंची असला तरी तिथे त्याचा इलाज नाही.

नवे पॅड बसवल्यावर ते 'बसू' द्यावे लागतात. रिकाम्या रस्त्यावर आठ-दहा वेळा वेग वाढवून जोरात कमी करायचा, पण पुरते थांबायचे नाही. मग ब्रेक न वापरता गाडी निवू द्यायची. लेप चढतो तो असा. हे करताना मी शेजारी होतो. दर खेपेला माझा चष्मा नाकावरून निसटत होता.

त्या रविवारी रिंगणावरही गेलो. एक फेरी, भाच्याच्या शेजारी. देखाव्याचे वर्णन मी करू शकणार नाही, कारण कोल्ह्याच्या नळीनंतर माझे डोळे बरेचसे मिटलेले होते. एवढे आठवते, की ब्राइडशाइडच्या उतारावर गाडीने दर खेपेला ऐकले, आणि शेवटच्या लांब सरळ रस्त्यावर भाच्याने वेग मुद्दाम उतरवला. तबकड्यांना वारा लागू दे, म्हणाला. बाहेर आल्यावर त्याने हँडब्रेक लावला नाही, गाडी गिअरमध्ये ठेवली; तापलेला पॅड तबकडीवर एका जागी दाबून ठेवला तर तिथे डाग धरतो. वळणदार चाकांमधून जळक्या राळेचा वास येत होता. त्याने घड्याळात पाहिले आणि दुसऱ्या फेरीचे तिकीट खिशातच ठेवले.

सोमवारी साडेसातला भाचेसुनेने मला शेजारी बसवले. उतार संपला, शाळा आली. पट्ट्यांवर दप्तरे पाठीला लावलेली पाच-सात मुले होती. तिने ब्रेक दाबला आणि गाडी पट्ट्यांच्या दोन हात अलीकडे उभी राहिली. पुढच्या चाकांनी बारीकशी किंकाळी मारली. एका पोराने कानांवर हात ठेवले आणि हसत पलीकडे पळाले.

"हा आवाज तेवढा राहणार," ती म्हणाली. "आणि हा जून आहे, मामा. जानेवारीत फोन करीन."