चित्राची चौकट आणि कथेची चौकट : ‘चांदोबा’तील वेताळ

लोककथेच्या तौलनिक अभ्यासात आशयसूत्रे, पाठभेद व भाषांतर यांची विपुल चर्चा झाली आहे. कथेसोबत छापल्या जाणाऱ्या चित्राकडे मात्र बहुधा सजावट म्हणूनच पाहिले जाते. ‘चांदोबा’ मासिकातील विक्रम-वेताळ कथांची चित्रे या समजाचा फेरविचार करावयास लावतात.

बी. नागी रेड्डी व चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून हे मासिक तेलुगू व तमिळ भाषांत सुरू केले. १९५२ मध्ये त्याची मराठी आवृत्ती निघाली. मद्रासच्या कलाशाळेत शिकलेले के. सी. शिवशंकरन (१९२४–२०२०), म्हणजेच ‘शंकर’, या मासिकात दाखल झाले. मजकूर भाषेगणिक बदलत असे, चित्रे मात्र सर्व आवृत्त्यांत समान असत. बंगळूरच्या मारतहळ्ळीसारख्या बहुभाषिक उपनगरात शेजारी राहणाऱ्या मराठी, तमिळ व तेलुगू भाषकांच्या बालपणी हे मासिक अनुक्रमे ‘चांदोबा’, ‘अंबुलिमामा’ आणि ‘चंदामामा’ होते. खांद्यावर प्रेत घेतलेला राजा मात्र एकच होता.

या चित्राचे मर्म क्षणाच्या निवडीत आहे. एका हाती उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, भोवती स्मशानाचे रान आणि चालता राजा. वेताळाचा प्रश्न अद्याप आलेला नाही, राजाचे मौनही सुटलेले नाही. संस्कृत वेतालपंचविंशतीत कथा पंचवीस. मासिकाने तीच चौकट ठेवून तीत दरमहा नवी कथा बसविली. कोणत्याही एका कथेचा प्रसंग न रेखाटल्यामुळेच हे चित्र प्रत्येक कथेच्या आरंभी शोभू शकले. चौकटकथेचे कार्य येथे चित्राने उचलले आहे.

आर्थर रॅकहम (१८६७–१९३९) यांच्या परीकथाचित्रांशी तुलना करता भेद स्पष्ट होतो. रॅकहम यांच्या वळणदार रेषेत झाडेच पात्रे होतात, भय निसर्गातून उगवते. शंकर यांच्या चित्रात भोवतालचे भय राजाच्या पावलांची गती रोखत नाही. दृष्टी अखेर त्याच्या निश्चयावरच स्थिरावते.

चित्र समान असले, तरी ग्रहण समान होते असे नाही. कोकण-गोव्यात वेताळ हे ग्रामरक्षक दैवत आहे. गोव्यातील आमोणे येथे त्याचे देवालय आहे. अशा परिसरातील वाचकाला प्रेतात वसणारा कथेतील वेताळ आणि गावाची राखण करणारा वेताळ यांची सांगड मनोमन घालावी लागते. हा अर्थ चित्रात रेखाटलेला नाही. वाचकाची संस्कृती तो पुरविते.

शंकर यांना २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली; तोवर मासिक बंद पडले होते. भाषांतराच्या इतिहासात अनुवादकाची नोंद घेतली जाते. अनेक भाषांना एकच प्रतिमा देणाऱ्या चित्रकाराची नोंदही त्याच इतिहासात व्हावयास हवी, कारण येथे भाषांतर न होताच सर्वत्र पोहोचलेला पाठ त्याचाच आहे.