हवागाळणी : मोटारसायकलीचें दुर्लक्षित अंग

ज्या घरांत पिण्याचें पाणी दुहेरी फडक्यांतून गाळल्यावांचून माठांत पडत नाहीं व औषधाचें चूर्ण वस्त्रगाळ केल्यावांचून कोणी जिभेवर ठेवीत नाहीं, त्याच घरच्या अंगणांतील मोटारसायकलीची हवागाळणी वर्षानुवर्षें कोणी उघडूनही पाहत नाहीं, हा विरोध आमच्या नेहमीं दृष्टीस पडतो. गाडी धुतली जाते, पुसली जाते, दसऱ्यास तिला झेंडूची माळ घातली जाते. पण जिच्यावर इंजिनाचें आयुष्य अवलंबून, ती गाळणी डब्यांत धूळ खात पडलेली असते. धूळ खाणें हें तिचें कामच आहे हें खरें; परंतु खाल्लेली धूळ तिच्या पोटांतून काढावयाची कोणी, हा प्रश्न आहे.

खानदेशांत ह्या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. गिरणेच्या कांठचें भडगांवच पाहा. काळी जमीन, कापूस व केळी हीं पिकें. पावसाळ्यांत पाय रुतावा असा चिखल, आणि चैत्र-वैशाखांत त्याच चिखलाची पिठासारखी धूळ. मळ्यावर फेरी घालणें, दुधाच्या किटल्या पोंचविणें, काजगांव स्टेशनावरून पाहुण्यांस आणणें, हीं सारीं कामें एकाच मोटारसायकलीवर उरकणारीं घरें थोडीं नाहींत. कारखानदारानें तिला आडवाटेची गाडी म्हटलें असो वा नसो, शिवारांतील गाडीवाटेनें रोज जाणारी गाडी ती आडवाटेचीच होय.

इंजिन पेट्रोलावर चालतें असें आपण म्हणतों. वस्तुतः एक भाग पेट्रोल जाळण्यास वजनानें सुमारें १५ भाग हवा लागते. म्हणजे १ लिटर पेट्रोल संपेपर्यंत इंजिन सुमारें ९,००० लिटर हवा ओढून घेतें. ही हवा पुढें गेलेल्या ट्रॅक्टरच्या धुरळ्यांतून घेतली, तर तिच्याबरोबर माती किती जाईल ह्याची कल्पना वाचकांनींच करावी. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांच्यामध्यें तेलाचा जो थर असतो, तो मिलिमीटरच्या कांहीं सहस्रांशांइतकाच जाड असतो. डोळ्यांस न दिसणारा वाळूचा कण त्यांत शिरला, कीं तो कानशीप्रमाणें दोन्हीं बाजूंस घासूं लागतो. रिंगा झिजतात, दाब उतरतो, इंजिन तेल जाळूं लागतें व मागून निळसर धूर निघतो. मग सिलिंडर खोलून नवा पिस्टन बसविण्याचा खर्च घरधन्याच्या माथीं येतो, आणि तोही बहुधा हंगामाच्या ऐन भरांत.

ह्यास प्रतिबंध म्हणून आडवाटेच्या व शर्यतीच्या गाड्यांत बहुधा फोमाची गाळणी असते. हा फोम पॉलियुरेथेन ह्या द्रव्याचा असतो. त्याची मूळ कृति जर्मनींत ऑटो बायर ह्या रसायनज्ञानें १९३७ सालीं शोधून काढली. फोमाचीं छिद्रें एकमेकांस जोडलेलीं असल्यामुळें हवेस त्यांतून वळणें घेत जावें लागतें. हवा वळते, जड कण वळत नाहीं, तो भिंतीवर आदळतो. पण भिंत कोरडी असेल तर तो पुन्हां सुटून आंत जातो. ती तेलानें चिकट असेल, तर पिठांत घातलेल्या तेलकट हातास पीठ चिकटावें तसा तेथेंच राहतो. तात्पर्य, बारीक धूळ अडविणारें खरें द्रव्य तेल होय. फोम हा केवळ त्या तेलाचा आधार. धुऊन कोरडाच बसविलेला फोम म्हणजे पहारेकऱ्यावांचूनची चौकी!

आतां कृति सांगतों. प्रथम डब्याभोंवतालची धूळ पुसावी. गाळणी काढतांच इंजिनाकडील तोंडांत स्वच्छ फडकें बसवावें. फोम पुस्तिकेंत सांगितलेल्या द्रवानें किंवा रॉकेलानें, चुलीपासून दूर व उघड्यावर, धुवावा. पेट्रोल कदापि वापरूं नये. त्यानें आगीचें भय असतें व फोमाचे सांधे सुटतात. नंतर साबणाच्या कोमट पाण्यांत तो हलके दाबून काढावा. धोतरासारखा पिळूं नये, पिळल्यानें तो फाटतो. सावलींत पूर्ण वाळवून पुस्तिकेंत सांगितलेलें तेल सर्वत्र मुरेपर्यंत लावावें व जास्तीचें दाबून काढावें. तेल फार झालें तर हवा कोंडते व गाडी काळा धूर ओकते. शेवटीं कडेस ग्रीसचें बोट फिरवावें. कारण फटींतून जाणाऱ्या धुळीस उत्तम गाळणीही अडवूं शकत नाहीं. मळकें रॉकेल विहिरीजवळ वा शेतांत ओतूं नये.

एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. सध्यांच्या पुष्कळ गाड्यांत गाळणी कागदाची असते. तिला पाणी, रॉकेल वा वरून तेल लावल्यास ती निकामी होते. ती मुदतींत बदलावयाची असते. आपली गाळणी कोणत्या जातीची, हें पुस्तिकेंत आधीं पाहावें.

ज्यांचें यश गाडीच्या दमावर अवलंबून असतें, ते ह्या बाबतींत किती दक्ष असतात! डाकार ही आडवाटेची जगप्रसिद्ध शर्यत १९७८ च्या डिसेंबरांत पॅरिसहून प्रथम निघाली; २०२० पासून ती सौदी अरेबियाच्या वाळवंटांत होत आहे. २०१५ सालीं सी. एस्. संतोष हे ती पुरी करणारे पहिले भारतीय ठरले. अशा शर्यतींत दिवसभराच्या धुळीनंतर गाळणी बदलणें हा नित्यनेम असतो, व तेल मुरविलेल्या गाळण्या आधींच तयार ठेवितात. आपणांस रोज तसें करण्याचें कारण नाहीं. पण उन्हाळ्यांत आठवड्यास एकदां डबा उघडून पाहणें कोणासही जड जाऊं नये.

एकत्र कुटुंबांत गाडी सर्वांची असते, म्हणूनच तिची निगा कोणाचीच नसते. आमची सूचना अशी कीं, हें काम घरांतील एखाद्या मुलाकडे, आणि मुलीकडेही, नेमून द्यावें. अर्ध्या तासाच्या ह्या कामांत हात काळे होतील. पण यंत्राशीं त्यांची ओळख होईल, आणि वेळीं-अवेळीं आजारी माणसास जळगांवीं न्यावयाचें झाल्यास गाडी दारांतून खात्रीनें निघेल.