घराचं साहित्य – लेखांक ९ : ओरखडा पडेल, पण निघेलही

गेल्या आठवड्यात दगडी ओट्यांचा विचार केला. कडप्पा आणि संगमरवर चुन्याच्या कुळातले, म्हणून लिंबू, चिंच, कोकम सांडलं की त्यांची झिलई मरते. ग्रॅनाइटला आंबटाचं भय नाही. एवढं झाल्यावर आता दुकानात सरसकट ‘कोरियन’ म्हणून दाखवतात त्या सॉलिड सरफेसकडे वळू.

कोरियन हे ड्यूपॉन्ट कंपनीनं दिलेलं व्यापारी नाव. तिथले रसायनतज्ज्ञ डोनाल्ड स्लोकम यांनी 1967 मध्ये हे साहित्य तयार केलं. आज अनेक कंपन्या तशाच शीट बनवतात. त्यात साधारण एक तृतीयांश अ‍ॅक्रिलिक असतं. उरलेला बहुतेक भाग म्हणजे बॉक्साइटपासून मिळणारी पांढरी खनिज भुकटी, अ‍ॅल्युमिनिअम ट्रायहायड्रेट. ओट्यासाठी शीट सहसा 12 मिलिमीटर जाडीची वापरतात. लॅमिनेटसारखा वर डिझाइनचा पातळ थर आणि खाली दुसरंच काही, असा प्रकार इथे नाही. रंग वरपासून तळापर्यंत एकच.

या साहित्याचे बहुतेक गुण यातूनच येतात. सुरीचा ओरखडा पडला तर तो भाग बारीक पॉलिश पेपरनं घासायचा, खालून तोच रंग वर येतो. पृष्ठभागाला छिद्रं नसल्यामुळे हळद आत मुरत नाही. पांढऱ्या ओट्यावर वरवर पिवळा डाग राहतो, तो स्क्रबरनं आणि भांड्यांच्या पावडरनं जातो. दोन शीट त्याच रंगाच्या अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्यानं जोडून घासल्या की सांधा जवळपास दिसत नाही. मागची पट्टी ओट्यातून गोलाई देऊन वर चढवता येते. गव्हाचं पीठ आणि तेलकट पाणी नेमकं ज्या कोपऱ्यात साचतं, तो कोपराच उरत नाही.

ग्रॅनाइटचं उलट असतं. स्टीलच्या सुरीनं त्यावर सहसा ओरखडा पडत नाही. पण खलबत्ता आपटून कडेचा टवका उडाला, तर इपॉक्सी भरूनही तो डोळ्याला दिसतोच. म्हणजे एक साहित्य सहज जखमी होतं आणि सहज बरं होतं. दुसरं सहसा जखमी होत नाही, पण झालं तर खूण राहते. निवड खरी इथे आहे.

सॉलिड सरफेसचं मोठं वैगुण्य उष्णता. कारागीर ही शीट साधारण 160 अंश सेल्सिअसला तापवून हवी तशी वाकवतात. तळणीचं तेल 180 अंशांच्या आसपास असतं. शेगडीवरून उतरवलेली कढई थेट ओट्यावर टेकली, तर डाग पडेल, फुगवटा येईल किंवा पुढे सांध्याजवळ तडा जाईल. गरम भांड्याखाली प्रत्येक वेळी जाळी किंवा लाकडी पाट ठेवण्याची सवय घरातल्या सगळ्यांना, मदतीला येणाऱ्या मावशींनाही, लागणार आहे का? उत्तर ‘नाही’ असेल तर गॅसची बाजू ग्रॅनाइटचीच ठेवा. सॉलिड सरफेस सिंकच्या आणि कणीक मळण्याच्या बाजूला वापरा.

‘मग क्वार्ट्झ घेऊ, तो तर दगडच’ असं अनेकांना वाटतं. क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास दगडाचा चुरा असला, तरी त्याला बांधून ठेवते ती राळच. त्यामुळे तापलेली कढई त्यालाही सोसत नाही. शिवाय तो कोरडा कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसात जाऊन सिलिकोसिस होतो. याच कारणानं ऑस्ट्रेलियानं 1 जुलै 2024 पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. ग्रॅनाइटमध्येही सिलिका असते, म्हणून कोणताही दगड कापताना पाण्याची धार सोडायला सांगाच.

सॉलिड सरफेस ठरलाच, तर खरेदीच्या वेळी चार गोष्टी पाहा. पहिली, शीट शुद्ध अ‍ॅक्रिलिकची की पॉलिस्टर मिसळलेली, हे बिलावर लिहून घ्या. मिश्र शीट स्वस्त असते, पण वाकवताना तडकण्याचा धोका तिला जास्त. दुसरी, रंग. गडद आणि चकचकीत ओट्यावर प्रत्येक चरा पांढरा उठून दिसतो. फिकट, ठिपक्यांचा, मॅट पृष्ठभाग पुष्कळ झाकून नेतो. तिसरी, हॉबसाठी कापलेल्या चौकोनाचे कोपरे गोल हवेत आणि कडेला उष्णता परतवणारी अ‍ॅल्युमिनिअमची टेप हवी, कारण काटकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. चौथी, सिंकसाठी कापून काढलेला तुकडा कारागिराला नेऊ देऊ नका. पुढे ओट्याला ठिगळ लावायची वेळ आली, तर हुबेहूब त्याच छटेची शीट बाजारात मिळेलच असं नाही.

आणि दुकानातून नमुन्याचा तुकडा घरी आणा. त्यावर हळद-तेल रात्रभर राहू द्या, सकाळी घासून पाहा, सुरीनं रेघ ओढा आणि ती पॉलिश पेपरनं स्वतः काढा. तेवढं काम कंटाळवाणं वाटलं, तर मुकाट्यानं ग्रॅनाइट घ्या.

पुढच्या लेखांकात : सिंक किती खोल असावं?