'इंटरेस्ट' : एका शब्दाची पेढीवरील वाटचाल

व्यापारी घरात 'इंटरेस्ट' हा शब्द दोन अर्थांनी वावरतो. पासबुकात तो व्याज असतो. मुलाला दुकानात 'इंटरेस्ट' नाही, असे वडील म्हणतात तेव्हा तो रुची होतो. यांपैकी पैशाचा अर्थ थोरला. रुचीचा अर्थ इंग्रजीत रुळला तो अठराव्या शतकात.

शब्द मूळचा लॅटिन. 'इंटर' म्हणजे मध्ये, 'एस्से' म्हणजे असणे. करार पाळला असता तर जी स्थिती असती ती आणि प्रत्यक्षातील स्थिती, यांच्या मधले अंतर रोमन कायदा या शब्दाने दाखवी. कर्जाऊ पैशाच्या मोबदल्याला वेगळा शब्द होता, 'उसूरा'. त्याचा अर्थ केवळ 'वापर'. शब्दात निंदा नव्हती.

ती आली मध्ययुगीन ख्रिस्ती धर्मपीठामुळे. 1179 च्या तिसऱ्या लॅटेरन परिषदेने उघडपणे उसूरा घेणाऱ्यास ख्रिस्ती दफनही नाकारले. मात्र मुदतीत रक्कम न आल्याने धनकोचे जे नुकसान होई, त्याची भरपाई धर्मशास्त्री मान्य करू लागले. उधारी थकली की काय होते, हे पेढीवरच्या माणसास शास्त्राने सांगावे लागत नाही. ही सवलत न्याय्यच होती. पण फटही तिथेच सापडली. कर्जाची मुदत मुद्दाम इतकी आखूड लिहीत, की ती चुकणार हे दोघांनाही ठाऊक असे. मग विलंबाचे 'इंटरेस्ट' सुरू होई. श्रावकाच्या अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत 'प्रतिरूपक व्यवहार' सांगितला आहे, तो मालातील भेसळीचा. ही भेसळ शब्दातली होती.

इंग्लंडमध्ये 1545 साली आठव्या हेन्रीच्या कायद्याने शेकडा 10 पर्यंतच्या आकारणीस मोकळीक दिली. 1552 मध्ये ती काढून घेतली गेली, 1571 मध्ये परत आली. पुढे 'इंटरेस्ट' प्रतिष्ठित झाला आणि 'उसूरा'पासून आलेला 'यूझरी' अवाजवी दराच्या लुटीपुरता उरला. दराची कायदेशीर कमाल मर्यादा तेथे 1854 मध्ये उठली.

आपल्या शब्दाचा प्रवास याहून विलक्षण. संस्कृतात 'व्याज' म्हणजे बहाणा, कपट. निंदेच्या मिषाने स्तुती किंवा स्तुतीच्या मिषाने निंदा करणारा अलंकार म्हणूनच 'व्याजस्तुती' ठरला. मराठीच्या व्यवहारात तो कपटाचा अर्थ पुसला गेला आणि खतावणीतला आकडा राहिला. एका ठिकाणी मात्र जुना अर्थ शाबूत आहे. वहीखात्याच्या सवयीने 'निर्व्याज' म्हणजे बिनव्याजी असे वाटण्याचा संभव असतो; पण निर्व्याज प्रेम म्हणतात, ते निष्कपट प्रेमाला.